युद्धकाळातल्या फ्लाइंग बोटी आणि त्यांचे अपघात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइंग बोट आणि सी-प्लेन एकच का?

सी-प्लेन हे मोठं घराणं आहे आणि फ्लाइंग बोट ही त्यातली एक शाखा. साध्या विमानाला चाकांऐवजी दोन तरंगते पेटारे लावले तर ते फ्लोट-प्लेन. फ्लाइंग बोटीचं मात्र पोटच होडीचं असतं. ती पाण्यावर पोटावर बसते, पोटावरच धावते आणि तशीच उठते. हे पान याच मोठ्या, होडीच्या पोटाच्या विमानांबद्दल आहे. दुसऱ्या महायुद्धात ती समुद्रावर तासन् तास घिरट्या घालून पाणबुड्या शोधायची.

त्यातली दोन नावं पुढे सारखी येतील. ब्रिटिशांची शॉर्ट संडरलँड म्हणजे चार इंजिनांचं, साडेचौतीस मीटर पंखविस्ताराचं धूड. अशी ७४९ बांधली गेली. अमेरिकनांची कॅटलिना लहान, दोनच इंजिनांची, पंख पाठीवर छत्रीसारखा उचललेला. चाल मंद, पण टिकाव जबरदस्त.

या विमानांचे लोक शत्रूच्या गोळीनेच मरायचे ना?

गोळीनेही मेले. पाणबुड्या पृष्ठभागावरून विमानविरोधी तोफा चालवायच्या आणि फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बिस्केच्या उपसागरावर जर्मन युंकर्स-८८ लढाऊ विमानं टोळीने फिरायची. पण गस्तीच्या विमानांचा इतिहास वाचायला बसलं की गोळीबाराच्या पानांइतकीच दुसरीही पानं सापडतात. गस्त पुरी झाली, बारा तास शत्रू दिसला नाही, परत येताना ढग खाली आले आणि विमान डोंगराला भिडलं. किंवा रात्री उतरताना पाणी किती खाली आहे हे कळलंच नाही. किंवा उड्डाणाला अर्धा तास झाला नाही तोच सगळं संपलं. लढाईच्या गोष्टी सगळेच सांगतात, म्हणून इथे मी ही दुसरी पानं उघडतो आहे.

समुद्रावर उडणारं विमान डोंगराला कसं धडकतं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि मला तो फार बरोबर वाटतो. उत्तर विमानात नाही, भूगोलात आहे.

धावपट्टी बांधायची तर सपाट, मोकळी जागा निवडतात. फ्लाइंग बोटीला मात्र शांत पाणी लागतं. शांत पाणी कुठे असतं? जिथे वारा अडतो तिथे. म्हणजे दोन्ही बाजूंना डोंगर असलेल्या खाडीत, तळ्यात, फियॉर्डमध्ये. कोकणातली एखादी खाडी डोळ्यांपुढे आणा: आत मचवे निवांत डुलत असतात, कारण वरची डोंगररांग वारा अंगावर घेते. ज्या गोष्टीमुळे तळ सुरक्षित, तीच धुक्यात जीव घेते. स्कॉटलंडचे लॉख, म्हणजे तळी आणि चिंचोळ्या खाड्या, आणि आयर्लंडमधलं लॉख अर्न हे तळ या तऱ्हेचे होते.

त्यात दिशा शोधायची पद्धत बघा. उपग्रह नाहीत आणि रेडिओ शक्यतो बंद, कारण आवाज केला की शत्रूला ठावठिकाणा कळतो. नेव्हिगेटर कंपास, घड्याळ आणि वेग यांवरून नकाशावर रेघ ओढत जायचा. बाजूचा वारा विमानाला किती ढकलतो हे पाहायला धुराच्या कांड्या पाण्यात टाकायच्या आणि त्यांच्यावरून अंदाज बांधायचा. बारा तासांत असे अंदाज एकावर एक चढतात. शेवटी किनारा जिथे असायला हवा तिथे तो नसतो.

उंची सांगणारं यंत्रही हवेच्या दाबावर चालायचं. निघताना जो दाब धरून काटा लावला, तो परत येईपर्यंत दहा मिलिबारने उतरला असेल, तर काटा खऱ्यापेक्षा जवळजवळ पावणेतीनशे फूट जास्त उंची दाखवतो. वादळी हवेत दाब उतरतोच. म्हणजे ढग खाली येतात त्याच वेळी काटाही खोटं बोलायला लागतो.

सगळ्यांत गाजलेला अपघात कोणता?

२५ ऑगस्ट १९४२ चा. संडरलँड डब्ल्यू-४०२६, २२८ क्रमांकाची स्क्वॉड्रन. गाजला तो आत बसलेल्या एका प्रवाशामुळे: प्रिन्स जॉर्ज, ड्यूक ऑफ केंट, ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांचे धाकटे भाऊ, वय ३९. हवाई दलाच्या कामासाठी ते आइसलंडच्या तळांवर चालले होते. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा जेमतेम सात आठवड्यांचा होता.

विमान दुपारी एकच्या सुमाराला स्कॉटलंडच्या इन्व्हरगॉर्डनहून क्रोमार्टी फर्थ या खाडीच्या पाण्यावरून उठलं. आत पंधरा जण: अकरा कर्मचारी, ड्यूक आणि त्यांचे तीन सोबती. कप्तान फ्रँक गॉयेन पंचविशीतला, ऑस्ट्रेलियन, अनुभवी. स्क्वॉड्रनचा प्रमुखही विमानात होता. मार्ग साधा होता. किनारा डावीकडे ठेवून समुद्रावरूनच ईशान्येला जायचं, जमिनीचं टोक संपलं की डावीकडे वळायचं आणि मग आइसलंडपर्यंत पाणीच पाणी.

टाक्या तुडुंब होत्या, त्यामुळे विमान जड होतं आणि उंची हळूहळू घेत होतं. ढग खाली होते. सुमारे अर्ध्या तासाने, डनबीथ गावाच्या आतल्या बाजूला, ईगल्स रॉक नावाच्या टेकाडाच्या उतारावर ते आदळलं. उंची होती समुद्रसपाटीपासून जेमतेम सात-आठशे फूट. सह्याद्रीतलं पोरसुद्धा ज्याला डोंगर म्हणणार नाही एवढीशी चढण. धुक्यात मेंढ्या गोळा करणाऱ्या बाप-लेकांनी इंजिनांचा आवाज ऐकला, मग धडाका ऐकला.

चौदा जण गेले. वाचला तो शेपटातला गनर अँड्र्यू जॅक. त्याचा बुरूज विमानाच्या अगदी टोकाला. आपटताना तो तुटून बाजूला पडला. तोंड आणि हात भाजलेल्या अवस्थेत तो उठला, आपल्या माणसांकडे गेला, काही करता येईना म्हणून मदत शोधायला निघाला आणि त्या उघड्या माळावर वाट चुकला. रात्र त्याने रानझुडपांत काढली. दुसऱ्या दिवशी एका शेतकरी बाईच्या झोपडीच्या दाराशी तो पोचला, तोवर विमानातलं कुणीच वाचलं नाही अशी बातमी बाहेर गेली होती.

दोष कुणाचा ठरला?

कप्तानाचा. ऑक्टोबर १९४२ मध्ये हवाई खात्याचे मंत्री आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांनी ब्रिटिश संसदेत चौकशीचा निष्कर्ष सांगितला: विमान ठरल्या मार्गावर नव्हतं, त्या मार्गावरची जमीन ओलांडायला पुरेशी उंची नव्हती, आणि ही चूक विमानाच्या कप्तानाची.

यावर माझं मत विचाराल, तर निष्कर्ष खोटा नाही, पण अपुरा आहे. विमान चुकीच्या ठिकाणी होतं हे डोंगरानेच सांगितलं. त्याला चौकशी कशाला? ते तिथे का गेलं हा खरा प्रश्न. कंपासचा दोष, वाऱ्याचा ढकल, ढगांखाली जमीन दिसते का हे पाहायला खाली येणं, वळण थोडं लवकर घेणं, यातलं काहीही असू शकतं. मेलेला कप्तान उत्तर देऊ शकत नव्हता.

त्यात काही कट होता असं वाचलं, खरं का?

ड्यूक स्वतः विमान चालवत होते, आत हिटलरचा उपनेता रुडॉल्फ हेस होता, मनगटाला पैशांची बॅग बांधली होती, अशा कथा फिरतात. त्यांना टेकू देणारा पुरावा समोर आलेला नाही. राजघराण्यातला माणूस आणि युद्धकाळातली गुप्तता एकत्र आली की अशा कथा पिकणारच. याच स्क्वॉड्रनचं आणखी एक संडरलँड पुढे याच तऱ्हेने डोंगरावर गेलं. त्यात राजपुत्र नव्हता, म्हणून त्याबद्दल कुणी कट शोधला नाही.

ते दुसरं संडरलँड कोणतं?

डीडब्ल्यू-११०. ३१ जानेवारी १९४४ ची रात्र. बिस्केवरची गस्त संपवून ते वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला परतत होतं. तिथली हवा बिघडली, म्हणून त्याला लॉख अर्नकडे वळवण्यात आलं. थकलेली माणसं, अंधार आणि अनोळखी वाट. आयर्लंडच्या डोनेगलमधल्या ब्लू स्टॅक डोंगरांत ते आदळलं. बारा जणांपैकी सात गेले, पाच वाचले.

पण आयर्लंड तर तटस्थ होतं?

होतं. पण लॉख अर्न ब्रिटिशांच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये आणि अटलांटिक पश्चिमेला. मध्ये तटस्थ डोनेगलची चिंचोळी पट्टी. तिला वळसा घालायचा तर उत्तरेकडून लांबचा फेरा आणि इंधनाची नासाडी. १९४१ च्या सुरुवातीला आयर्लंडने गुपचूप मुभा दिली आणि या वाटेला पुढे ‘डोनेगल कॉरिडॉर’ असं नाव पडलं. जर्मन युद्धनौका बिस्मार्क २६ मे १९४१ ला पुन्हा दृष्टीस पडली ती याच तळ्यावरून उठलेल्या कॅटलिनामुळे.

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला माउंट ब्रँडन आहे. त्याच्या अंगाखांद्यावर युद्धात चार विमानं पडली. ऑगस्ट १९४० मध्ये जर्मन कॉन्डॉर विमान. २८ जुलै १९४३ ला लिस्बनहून आयर्लंडमधल्या फॉइन्सला येणारं बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीचं प्रवासी संडरलँड. पंचवीस जणांतले दहा गेले. महिनाही पुरा झाला नव्हता, २२ ऑगस्टला हवाई दलाचं संडरलँड डीडी-८४८. आठ गेले, तीन वाचले. आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोलिश वैमानिकांचं वेलिंग्टन बॉम्बफेकी विमान, सहाही गेले. डोंगराला मित्र-शत्रू कळत नाही. साडेनऊशे मीटरचं ते शिखर समुद्रातूनच उभं राहतं आणि अटलांटिकचे ढग आधी त्यालाच येऊन लटकतात.

बारा-तेरा तास आत माणसं काय करायची?

संडरलँड या बाबतीत चैनीचं होतं. दोन मजले, झोपायला बंक, प्रायमसचे दोन स्टोव्ह असलेली छोटी स्वयंपाकाची जागा, आणि चक्क चिनी मातीचा फ्लशचा संडास. पाळ्या बदलायच्या. नुकताच बुरुजातून उतरलेला गनर अंडी तळायचा आणि थाळ्या वरच्या मजल्यावर पोचवायचा.

पण काम म्हणजे पाण्याकडे बघणं. राखाडी पाण्यात पेरिस्कोपमागची पांढरी रेघ शोधायची. ती बहुतेक दिवशी सापडायचीच नाही. डोळे शिणतात, चार इंजिनांच्या घरघरीने कान बधिर होतात आणि सगळ्यांत अवघड काम म्हणजे उतरणं, ते अशा अवस्थेत अगदी शेवटी वाट्याला येतं.

पाण्यावर उतरणं सोपं असेल ना? पाणी तर मऊ!

विमानाच्या वेगाला पाणी दगड असतं. आणि गंमत म्हणजे खवळलेल्या पाण्याइतकीच भीती तेलासारख्या शांत पाण्याची. लाटा नसल्या की नजरेला धरायला काही उरत नाही. पाणी आरसा होतं आणि वैमानिकाला आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, हे कळत नाही. लवकर नाक उचललं तर विमान वरून धप्पकन पडतं, उशीर झाला तर नाक घुसतं. म्हणून अशा वेळी इंजिनं थोडी चालू ठेवून, पाणी लागेपर्यंत अगदी हळू, एका लयीत खाली येत राहायचं, असं शिकवलं जायचं. रात्री लहान होड्यांवर दिवे लावून त्यांची ओळ पाण्यावर मांडायची, तीच धावपट्टी.

तळाचा पत्रा पातळ असायचा. तरंगता ओंडका लागला तरी भोक. वेगात पाणी कापताना नाक खालीवर उड्या मारायला लागलं आणि ते वेळीच आवरलं नाही, तर तिसऱ्या-चौथ्या उडीला विमान मोडायचं.

उघड्या समुद्रावर उतरणं तर जवळजवळ निषिद्धच. तरी लोक उतरले. सप्टेंबर १९३९ मध्ये केन्सिंग्टन कोर्ट या बुडत्या मालवाहू जहाजाचे ३४ खलाशी दोन संडरलँडनी समुद्रावर उतरून उचलले. ते जमलं. मे १९४३ मध्ये जमलं नाही. ४६१ या ऑस्ट्रेलियन स्क्वॉड्रनचं एक संडरलँड पाण्यात तरंगणाऱ्या व्हिटली विमानाच्या लोकांना उचलायला उतरलं आणि लाटेवर मोडलं, कप्तान गेला. दुसऱ्या दिवशी गॉर्डन सिंगलटनने दुसरं संडरलँड उतरवलं, दोन्ही विमानांची माणसं उचलली, ती एका फ्री फ्रेंच विनाशिकेकडे सोपवली आणि तो पुन्हा उठला. उठताना लाटेने तळ फाडला: माणूस उभा आत जाईल एवढं भगदाड. पाण्यावर उतरला असता तर क्षणात बुडाला असता. मग त्याने ती अजस्र होडी वेल्समधल्या अँगल विमानतळाच्या गवतावर पोटाने उतरवली. चाकं नाहीत, पाणी नाही, नुसतं गवत. शेवटी पंखाचं टोक टेकलं आणि विमान थांबलं. कुणालाही दुखापत झाली नाही.

नांगरलेली विमानंही बुडायची का?

हो, कारण ती शेवटी होडीच. वादळात बोयाचा, म्हणजे विमान बांधायच्या तरंगत्या पिंपाचा, दोर तुटला की विमान खडकावर. म्हणून रात्री काही माणसं आतच राहायची आणि पाणी शिरलं तर उपसायची. नोव्हेंबर १९४० मध्ये पेम्ब्रोक डॉकला संडरलँड टी-९०४४ वाऱ्यात बोयापाशीच बुडालं आणि विसरलं गेलं. साठ वर्षांनी एका शेवंडं पकडणाऱ्या कोळ्याच्या सापळ्याला तळाशी काहीतरी अडकलं, ते तेच निघालं.

समुद्रात पडलेल्यांना शोधायचे कसे?

रबरी होडी, धुराचे दिवे, शक्य झालं तर शेवटचा रेडिओ संदेश. आणि कबुतर. थट्टा नाही, गस्तीच्या विमानांत पाळीव कबुतरं पेटीत घालून नेत असत.

ऑक्टोबर १९४३ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या समुद्रावर एक कॅटलिना पाण्यात उतरली आणि तिचा रेडिओ गेला. अकरा जण आत. धुकं इतकं दाट की शोध थांबवावा लागला. व्हाइट व्हिजन नावाची पांढरी कबुतरी सोडली होती. समोरून सोसाट्याचा वारा आणि साठ मैलांचं अंतर, तरी संध्याकाळी ती घरी पोचली. तिच्या पायातल्या चिठ्ठीवरून शोध पुन्हा सुरू झाला आणि अकराच्या अकरा जण सापडले. डिसेंबरात प्राण्यांच्या शौर्याचं डिकिन पदक पहिल्यांदाच दिलं गेलं, तेव्हा ते मिळालेल्या तीन कबुतरांत ती होती.

बर्म्युडा त्रिकोणात नाहीसं झालेलं विमान हेच का?

ते मार्टिन मरीनर, अमेरिकन फ्लाइंग बोट. ५ डिसेंबर १९४५, म्हणजे युद्ध संपल्यावर. हरवलेल्या ‘फ्लाइट १९’ ला, म्हणजे सरावावरच्या पाच अमेरिकन नौदल विमानांना, शोधायला तेरा जण फ्लोरिडाहून निघाले आणि पुन्हा दिसले नाहीत. पण ‘नाहीसं’ हा शब्द गोष्टी विकणाऱ्यांचा. गेन्स मिल्स या जहाजाने त्या रात्री आकाशात ज्वाळा पाहिल्या आणि पाण्यावर तेल पाहिलं. मरीनरमध्ये पेट्रोलची वाफ साठायची हे वैमानिकांना माहीत होतं. एक ठिणगी पुरे.

आपल्याकडचा काही संबंध?

चेन्नईजवळच्या रेड हिल्स तलावावर, कराचीच्या कोरंगी खाडीत आणि श्रीलंकेत कोग्गला इथे या विमानांचे तळ होते. बंगालच्या उपसागरावरची आणि हिंदी महासागरावरची गस्त तिथून चालायची.

जवळचा संबंध मात्र वेगळा आहे. बुडालेल्या जहाजांतल्या ज्या माणसांना ही विमानं शोधत फिरायची, त्यांत आपले लोक होते. रत्नागिरीच्या, रायगडच्या किती घरांतला पुरुष ‘बोटीवर’ असायचा; गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. सिटी ऑफ बनारस हे मुळात लिव्हरपूल-मुंबई मार्गावरचं जहाज. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री, इंग्लंडमधून कॅनडाला पाठवलेली ९० मुलं घेऊन जाताना, पाणबुडीने ते बुडवलं. ७७ मुलं गेली. एक जीवरक्षक होडी मोजदादीतून सुटली आणि सगळे तिला बुडालेली समजले. तिच्यात सहा मुलगे, त्यांच्या सोबतीची दोन माणसं, मोजके गोरे खलाशी आणि बाकी बहुतेक हिंदी खलाशी होते. पाणी घोटाघोटाने वाटत ती आठ दिवस भरकटली. २५ सप्टेंबरला गस्तीवरच्या एका संडरलँडला ती दिसली. वरून खाणं टाकलं गेलं आणि विनाशिका बोलावली गेली.

परत न आलेल्या हिंदी खलाशांचं एक स्मारक मुंबईतच आहे, मशीद बंदरजवळच्या इंडियन सीमेन्स होममध्ये. मुंबईचं आणि बांगलादेशातल्या चितगावचं अशा दोन्ही स्मारकांच्या नोंदीत मिळून सहा हजारांच्या आसपास व्यापारी खलाशी आहेत. रोज लोकलने तिथून जाणाऱ्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

अवशेष आज पाहायला मिळतात का?

अख्खी संडरलँड पाहायची तर लंडनच्या हेंडनमधलं आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) संग्रहालय किंवा इंग्लंडमधल्या डक्सफर्डचं संग्रहालय. ईगल्स रॉकवर क्रूस उभा आहे. वाट चिखलाची, बूट चांगले हवेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमला ओहोटीचं पाणी खूपच उतरलं तर मार्च १९४२ च्या जपानी हल्ल्यात जळालेल्या फ्लाइंग बोटींचे सांगाडे चिखलातून वर येतात. तो अपघात नव्हे, पण लोक विचारतात म्हणून सांगितलं.

मला विचाराल तर स्कॉटलंडच्या व्हॅटरसे बेटावर जा. १२ मे १९४४ ला सरावावरची एक कॅटलिना तिथल्या टेकडीवर आदळली. नऊ जणांतले तीन गेले. तिचे तुकडे अजून रस्त्यालगतच्या ओढ्याकाठी पडले आहेत, पत्र्याच्या रिबिटा मोजता येतात. एखादी खिशात घालू नका. ब्रिटनमध्ये १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानाच्या अवशेषांना हात लावणं गुन्हा आहे. शिवाय मेंढ्या तिथे चरत असतात, कुत्रं बरोबर असेल तर बांधून ठेवा.